दुष्काळ बघायचा कार्यक्रम

हा किस्सा मी चारचौघांत सांगू नये, असं बायकोचं स्पष्ट म्हणणं आहे. पण जी गोष्ट हायकोर्टाच्या कागदांत शिक्क्यानिशी जाऊन बसली, ती तुमच्यापासून लपवून काय उपयोग? तेव्हा बसा. कप इकडं सरकवा. घोटाळे सगळेच करतात हो, पण गावाची सभा बोलावून, ठराव मांडून, एकमतानं मंजूर करून घोटाळा करणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. आज बघून घ्या.

मी तेव्हा टेकवाडीचा सरपंच होतो. शिवाय दूध सोसायटीचा चेअरमन. म्हणजे गावात काही वाईट झालं की दोष कुणाला द्यायचा हे लोकांना फार शोधावं लागायचं नाही.

टेकवाडी शिरूर कासारच्या अंगाला. मधे ओढा, आणि ओढ्यापलीकडं बोरखडी. ओढा किती रुंद? इकडून शिवी दिली की तिकडून ताजं उत्तर येतं, एवढाच. बोरखडी ही माझी सासुरवाडी, आणि तिथला सरपंच म्हणजे माझा सख्खा मेहुणा, रावसाहेब. आता लक्षात आलं ना, रोग कुठं मुरलेला होता ते?

त्या साली पाऊस असा पडला की छत्र्या शिवणाऱ्यानं दुकानात भजी तळायला घेतली. विहिरी तळाला गेल्या. अर्ध्या गावानं घरांना कुलपं लावली आणि कोयते घेऊन ऊसतोडीला गाठोडी बांधली. उरलेलं अर्धं गाव आभाळाकडं बघत बसलं. गाई-म्हशी चारा-छावणीत गेल्या, त्यामुळं दूध सोसायटी बंद. सोसायटीचे कॅन भिंतीला टेकून उपडे पडलेले, जणू पैलवान आखाड्यात चीत झालेत.

आता दुष्काळ आहे की नाही हे सरकार कसं ठरवतं, माहीत आहे? पंधरा-वीस गावांचं एक महसूल मंडळ असतं, आणि मंडळाला एक पाऊस मोजायचं यंत्र. आमच्या मंडळाचं यंत्र दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात, शाळेच्या मागं. भादव्यात एक दिवस एक ढग आला. वाट चुकला असणार बिचारा. तो नेमका त्या यंत्राच्या डोक्यावर उभा राहिला आणि मोकळा झाला. तुम्हाला खोटं वाटेल, पण यंत्र काठोकाठ भरलं आणि त्याच वेळी शाळेच्या पुढच्या अंगणात धूळ उडत होती!

झालं. कागदावर आमचं अख्खं मंडळ भिजलं. बोरखडी ओढ्यापलीकडं, म्हणजे दुसऱ्या मंडळात. तिथलं यंत्र इमानदार, कोरडं ठणठणीत. तेव्हा बोरखडीच्या ग्रामपंचायतीला सरकारची टंचाईची मदत मिळाली, टँकर मिळाला, आणि आमच्या ग्रामपंचायतीला मिळालं अभिनंदनासारखं एक पत्र, की आपल्याकडं समाधानकारक पाऊस झाला आहे.

जखमेवर मीठ म्हणजे बोरखडीचा रस्ता आमच्या गावातून जातो. रोज सकाळी टँकर आमच्या चावडीसमोरून डुलत डुलत जाणार, वळणावर भोंगा वाजवणार, आणि त्याच्या नळातून ठिबकणारं पाणी चाटायला आमची कुत्री रांगेत उभी. रांगेत! आमच्या ग्रामसभेत कधी रांग दिसली नाही, ती कुत्र्यांनी लावली.

संध्याकाळी रावसाहेब ओढ्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभा राहायचा. मुद्दाम.

“काय दाजी, औंदा लई भिजलात म्हनं?”

“कोन म्हन्तंय?”

“सरकार म्हन्तंय. आमी कावून म्हनू? सर्दी-बिर्दी तर झाली न्हाई ना?”

आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे, माझी बायको शकुंतला रोज पहाटे दोन घागरी घेऊन ओढा ओलांडायची आणि माहेरच्या टँकरचं पाणी आणायची. लग्नात एक पैसा हुंडा घेतला नाही म्हणून वीस वर्षं मिरवलेला माणूस मी. आता रोज सासुरवाडीच्या पाण्यानं चूळ भरत होतो!

एक दिवस उठलो आणि हायकोर्टातला वकील गाठायला औरंगाबादची एस.टी. धरली. वकीलसाहेब भले माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सरपंच, संविधानाचं कलम चौदा. कायद्यापुढं सगळे समान. एकसारखी परिस्थिती असलेल्या दोघांना सरकार वेगवेगळं वागवू शकत नाही. माणसांना नाही, तसं गावांनाही नाही. तुमचा ओढा एक, जमीन एक, दुष्काळ एक. मग मदत एकाच ग्रामपंचायतीला का?”

अहो, माझ्या अंगावर काटा आला! आपली तहान थेट संविधानात लिहिलेली आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

अर्ज दाखल झाला आणि मी घटनातज्ज्ञ झालो. लग्नाच्या पंगतीत बुंदी कमी वाढली तर कलम चौदा. एस.टी.त खिडकी मिळाली नाही तर कलम चौदा. शकुंतलेनं चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी घागर माझ्यापुढं ठेवली.

“सगळे समान ना? मंग उद्यापासून एक खेप मी, एक खेप तुमी.”

“अगं, प्रकरण न्यायप्रविष्ट हाय,” मी म्हणालो.

ती नारायणगडाला नवस बोलली. खटला जिंकावा म्हणून नव्हे, नवरा गप्प बसावा म्हणून.

तिकडं कोर्टात सरकारी वकील म्हणाले, यंत्रात पाऊस आहे. आमचे वकील म्हणाले, यंत्रात आहे, विहिरीत नाही. न्यायमूर्तींनी दोघांचं ऐकलं आणि हुकूम दिला: एक कोर्ट कमिशनर नेमा. त्यांनी एकाच दिवशी दोन्ही गावं डोळ्यांनी बघावीत आणि अहवाल द्यावा.

वकीलसाहेबांचा फोन आला. “सरपंच, कमिशनर म्हणून एक वकीलबाई येणार आहेत. हुशार आहेत. एक करा. काहीही करू नका! जसं आहे तसं दाखवा. सगळा खटला या अहवालावर उभा आहे.”

मला कळत नव्हतं का? कळत होतं. महिनाभरात ऊसतोडीची माणसं परत येणार होती. गाव दुप्पट होणार आणि पाणी तेवढंच, म्हणजे शून्याच्या दुप्पट. टँकर मिळाला नाही तर आलेल्या माणसांना गाठोडी न सोडताच परत फिरावं लागलं असतं. एवढं सगळं कळत होतं. पण फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळला.

पाहुणी येणार. तीही हायकोर्टातून. आपल्या दारात आलेल्या माणसाच्या पायावर तांब्याभर पाणी पडायला नको? उन्हातान्हातून आलेल्या बाईला आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग बोलणं. आजोबा-पणजोबापासूनची रीत. दुष्काळात गावानं ती गुपचूप सोडली होती. पाहुणा येताना दिसला की लोक मागच्या दारानं रानात जायचे. हायकोर्ट येताना दिसल्यावर कुठं जाणार?

सोसायटीच्या ओट्यावर सभा बोलावली. म्हणालो, “गड्यांनो, टेकवाडीच्या शिवेतून पाहुणी कोरड्या पायानं गेली तर सात पिढ्या तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. घरटी एक घागर द्यायची. आनि तवर आंगोळ बंद!”

एक माणूस विरोधात बोलेल तर शपथ! दुष्काळानं गेलेली इज्जत एका घागरीत परत मिळते म्हटल्यावर कोण मागं राहील? प्रश्न फक्त साठवायचं कशात, हा होता.

मी म्हणालो, “सोसायटीचे कॅन.”

सोसायटीचा सचिव मुरली ताडकन उठला. “चेअरमन, कॅन दुधाचे हायती. संस्थेच्या नियमात पानी बसत न्हाई.”

“आरं मुरल्या, इतकी वर्सं लोक दुधात पानी घालून आनत व्हते, तवा बसत व्हतं ना?”

“ते बसत व्हतं, पर ठरावात नव्हतं.”

मग ठराव लिहिला. सूचक मी, अनुमोदक मीच. कॅन धुवायला पाणी नव्हतं, म्हणून नुसते फडक्यानं पुसून घेतले. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रात्री शकुंतला भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, ती बाई दुष्काळ बघाया यायलीय. पोरगी बघाया न्हाई.”

किती सोपं वाक्य! सोन्याच्या तारेनं मढवून चावडीवर टांगायला हवं होतं. मी म्हणालो, “तुला कोर्टातलं काय कळतंय?”

दिवस उजाडला. कॅन भरून ओळीनं उभे. पण माणसाची हाव कशी असते बघा. पाय धुवायला पाणी जमलं, तर वाटलं रस्त्यावर सडाही मारावा, पाहुणीच्या तोंडावर धूळ नको. सडा झाला, तर रांगोळी हवीच. आणि विहीर? पाहुणीनं बादली सोडली आणि रिकामी वर आली तर केवढा अपशकुन! “मुरल्या, तीन कॅन इहिरीत वत.” मुरलीनं ओतले. पुरुषमंडळींनी यात्रेचे पांढरे सदरे चढवले, आठ दिवसांच्या बिनआंघोळीच्या अंगावर. वरून झकास, आतून छावणी.

जीप आली. बाई उतरल्या. तरुण, नाकीडोळी नीटस, हातात वही. ओल्या रस्त्याकडं बघून थबकल्या.

“हे टेकवाडीच ना?”

“हो बाई, या, या! आधी पायावर पाणी घ्या.”

शकुंतला तांब्या घेऊन पुढं आली. बाईंच्या पायांखाली तिनं एक घमेलं धरलं. मला वाटलं, चिखल नको म्हणून असेल. मी आपला मागून ओरडतोय, “अगं, घाल की अजून! कंजुषी कावून करतीस? घ्या बाई, गुडघ्यापर्यंत धुवा!”

मग मी हार घातला. बाई दोन पावलं मागं सरल्या आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. मला वाटलं, धुळीचा त्रास होतोय. “मुरल्या, अजून एक सडा मार!” बाई अजून मागं सरल्या. मी अजून पुढं गेलो. अशी आमची अर्ध्या चौकाची प्रदक्षिणा झाली.

“या कॅनमध्ये दूध आहे?” बाईंनी विचारलं.

“न्हाई बाई, पानी!” मी अभिमानानं झाकण उघडलं.

“सगळ्यांत?”

“सगळ्यांत! गावानं दिलंय. मी नुसतं तोंड उघडायचा उशीर.”

बाईंनी वहीत लिहिलं. विहिरीवर गेल्या, बादली सोडली, वर घेतली, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. पुन्हा लिहिलं. मला वाटलं, विहिरीचं कौतुक लिहितायत!

आणि शेवट तर ऐकाच. निघताना समोर भरली घागर आली की काम फत्ते होतं, म्हणून मी बारा सुवासिनी भरल्या घागरी घेऊन जीपच्या दोन्ही अंगांना उभ्या केल्या होत्या. बाईंचं काम फत्ते व्हावं एवढाच हेतू. त्यांचं काम म्हणजे आमच्या खटल्यात खरं काय ते लिहिणं, हे त्या क्षणी माझ्या टाळक्यातून साफ गेलेलं!

जीप ओढा उतरून बोरखडीला गेली.

संध्याकाळी काठावर रावसाहेब हजर. हसून हसून त्याला उभं राहता येईना.

“दाजी, बाई आमच्याकडं आल्या. मी म्हनलं, बाई, तुमच्या बाटलीत घोटभर उरलंय का? घसा वाळलाय. त्यांनी दिली. मी सगळी पेलो!”

“लाज न्हाई वाटली? पावन्याचं पानी पिलास?”

“दाजी, तुमी पावन्याला पाजलं, मी पावन्याचं पेलो. आता बगू कोर्ट कुनाला पाजतंय ते.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मटकन ओढ्यातच बसलो. कोरडाच होता म्हणा, बसायला हरकत नव्हती.

वकीलसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, “सडा... दोनदा?”

गावाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत, हेच वाईट. सगळ्यांनी आपापली घागर दिली होती ना! शकुंतला तर दुसऱ्या दिवशी पहाटे दोन घागरींच्या ऐवजी तीन घेऊन निघाली. मी उठलो, दोन माझ्या हातात घेतल्या आणि तिच्या मागं ओढा उतरलो. न्यायप्रविष्ट वगैरे काही म्हणालो नाही.

तारखेला मी कोर्टात सगळ्यात मागच्या बाकावर. पांढरा सदरा तोच, अंघोळ तीच. म्हणजे नाहीच. न्यायमूर्तींनी अहवाल हातात घेतला आणि इंग्रजीत वाचायला लागले. माझं इंग्रजी बी-बियाणाच्या पिशवीवरचं. चेहरे वाचत बसलो. आधी न्यायमूर्तींच्या कपाळावर आठी आली. मी नारायणगडाला हात जोडले. सरकारी वकील मान डोलवत होते. मग न्यायमूर्ती एका ठिकाणी थांबले. तेच वाक्य पुन्हा वाचलं. त्यांच्या मिशा हलल्या. सरकारी वकिलांनी तोंडासमोर फाईल धरली. आमच्या वकीलसाहेबांचे खांदे गदगदायला लागले. आणि एकदम सगळं कोर्ट हसलं! सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.

पाहुण्यांत सगळे हसले की आपण हसावं, ही आपली रीत. मीही मोठ्यानं हसलो. वर उभा राहून, हात जोडून, सगळीकडं वळून वळून नमस्कार केला! माझ्या बाकावरची दोन माणसं तेवढ्यात सरकत सरकत टोकाला गेली होती.

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी माझा हात धरला. “सरपंच, जिंकलो! अंतिम निकाल लागेपर्यंत टेकवाडीलाही बोरखडीइतकीच मदत द्या, असा अंतरिम आदेश आहे. टँकर येणार.”

“पर साहेब, बाईंनी तर पानीच पानी बघितलं!”

“बघितलं ना. तेच लिहिलंय.” त्यांनी अहवाल उघडला आणि मराठीत सांगायला लागले. रस्त्यावर सडा, कॅन भरलेले, विहिरीला पाणी. “आणि ऐका. ‘परंतु सरपंचांच्या पत्नीनं माझ्या पायांचं धुवण घमेल्यात धरलं आणि घरामागं नेऊन शेळीला पाजलं. पाण्याची रेलचेल असलेल्या गावात असं करत नाहीत. विहिरीच्या पाण्याला दुधाचा वास येत होता आणि त्यावर साय तरंगत होती. उलट, सरपंचांच्या अंगाला पाण्याचा स्पर्श बरेच दिवस झालेला नसावा. ते हार घालायला जवळ आले तेव्हा माझी याविषयी पूर्ण खात्री पटली. ते दुसऱ्यांदा जवळ आले तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. माझ्या मते दोन्ही गावांची परिस्थिती तंतोतंत सारखी आहे. फरक इतकाच, की पलीकडच्या गावानं ती सांगितली आणि या गावानं ती लाजेनं झाकली.’”

मी तिथंच पायरीवर बसलो. हसू की रडू? संविधान, कलम चौदा, माझी घटनातज्ज्ञता, सगळं एका बाजूला राहिलं. खटला जिंकला तो बायकोच्या घमेल्यानं आणि माझ्या काखेनं!

ऊसतोडीची माणसं गावात उतरली त्याच सकाळी टँकर आला. या खेपेला चावडीसमोर भोंगा वाजवून तो पुढं गेला नाही, थांबला. ओढा ओलांडून रावसाहेब आला होता. त्यानं मला मिठी मारली, आणि लगेच सोडली.

गावानं ठरवलं, पहिली बादली सरपंचाच्या अंगावर. चौकात दगड ठेवला. मी सदरा काढून बसलो. शकुंतलेनं तांब्या भरला, हसली. किती दिवसांनी हसली हो! आणि तिनं तांब्या माझ्या डोक्यावर कलता केला, तोच रावसाहेबानं तिचा हात वरच्या वर धरला.

“आक्का, थांब! अंतिम निकाल बाकी हाय न्हवं? पुरावा कावून धुयायलीस?”

चौक हसायला लागला. शकुंतला हसायला लागली. ऊसतोडीहून आलेली, काहीच माहीत नसलेली माणसंसुद्धा हसायला लागली.

मी मात्र हसलो नाही. उघडा, कोरडा, तसाच दगडावरून उठलो, काढून ठेवलेल्या सदऱ्यातून मोबाईल काढला आणि वकीलसाहेबांना फोन लावून विचारलं, “साहेब, आंगोळ केली तर चालंल का?”